बॉक्स स्क्रेपरने अंगण सपाट होण्याऐवजी लाटा पडतात: टॉप लिंक, फण की लिफ्ट?

आगर_गुहागर

नमस्कार मंडळी. गुहागरजवळ घराभोवतीचं चार गुंठे अंगण आणि रस्त्यापासून पडवीपर्यंतची ६० मीटरची चढाची वाट सारखी करायची आहे. ट्रॅक्टर ४५ एचपी, टू व्हील ड्राइव्ह, मागची चाकं १३.६-२८. मागे पाच फुटी बॉक्स स्क्रेपर (माती खरवडून ओढणारी, तळ उघडा असलेली लोखंडी पेटी), वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेला. पुढे एक आणि मागे एक पातं, दोन्ही फिक्स, आत पाच फण (जमीन उकरणारे लोखंडी दात), वजन २२० किलो. जमीन म्हणजे वर तांबडा मुरूम, कुठे चार बोटं तर कुठे वीतभर, आणि खाली जांभा (तांबडा कातळ). पाऊस जाऊन महिना होऊन गेलाय, वरचा थर टणक झालाय.

अडचणी अशा. वाटेवर सव्वा ते दीड मीटरच्या अंतराने आडव्या लाटा पडतात आणि प्रत्येक फेरीला त्या वाढतात. बॉक्स डावीकडे जास्त खोल जातो. जांभा उघडा पडलेल्या पट्ट्यात फण नुसते खरवडत जातात, आत शिरत नाहीत. शेवटच्या फेरीनंतरही चाकांचे पट्टे राहतात. ढाळही द्यायचा आहे, कारण पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी जोत्याशी थांबतं आणि जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंतीला ओल चढते.

आत्तापर्यंत टॉप लिंक (बॉक्सला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा, लांबी बदलता येणारा दांडा) जमेल तेवढी आखूड करून पाहिली, पाचही फण पूर्ण खाली सोडून पाहिले. लाटा उलट वाढल्या. सुरुवात कुठून करू?

---

ढाळ_आणि_दोरी

लाटांचं आधी बोलू, कारण त्या गेल्याशिवाय बाकी काहीच नीट दिसणार नाही.

टेप घ्या आणि मागच्या आसाच्या मध्यापासून बॉक्सच्या पुढच्या पात्यापर्यंतचं अंतर मोजा. मग वाटेवर दोन लाटांमधलं अंतर मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर दोष पात्यात नाही. ट्रॅक्टर स्वतःचीच लाट पुढे छापत चालला आहे. मागचं चाक उंचवट्यावर चढलं की सगळा बॉक्स उचलला जातो आणि पातं त्या क्षणी जिथे असेल तिथे माती सोडतं. म्हणजे एका उंचवट्यामागे आस ते पातं एवढ्या अंतरावर दुसरा उंचवटा तयार होतो. चाक खळग्यात उतरलं की याच्या उलट, पातं खोल घुसतं. पुढच्या चाकांचाही वाटा असतो. पुढची चाकं ५ सेंमी उचलली गेली तर ट्रॅक्टर मागच्या आसावर कलतो आणि, चाकांमधलं अंतर २ मीटर व पातं आसामागे १.३५ मीटर धरलं, तर पातं जवळजवळ साडेतीन सेंमी खाली जातं. त्याच दिशेने पुन्हा फेरी मारली की हे सगळं आणखी खोल होतं. म्हणून फेऱ्या वाढवून लाटा जात नाहीत, वाढतात.

त्यावर इलाज असा. लाटेचा खळगा जेवढा खोल आहे त्याच्याही दोन-तीन सेंमी खाली फण पोचले पाहिजेत. नुसते माथे कापून खळगे भरले तर मऊ भरावाखाली जुनी टणक लाट तशीच राहते, आणि चार गाड्या गेल्या की वर येते. आधी सगळी वाट फणांनी मोकळी करा, फक्त उकरा, माती ओढू नका. मग ३० ते ४५ अंशांत तिरक्या फेऱ्या मारा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. तिरकं गेलं की दोन्ही चाकं एकाच वेळी लाटेवर चढत नाहीत आणि लाटेमागे लाट छापण्याची ही साखळी तुटते. वाट अरुंद असेल तर थोडीशी नागमोडी फेरीसुद्धा उपयोगी पडते. सरळ फेरी फक्त शेवटची.

वेग ताशी ३ ते ४ किमीच्या वर नको. लो पहिला किंवा दुसरा गिअर, इंजिन १४००-१५०० वर स्थिर. बॉक्स पाऊण भरला की पुरे. काठोकाठ भरला की माती पुढच्या पात्यावरून उसळते, ट्रॅक्टरचं नाक हलकं होतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही.

आता टॉप लिंक. पूर्ण आखूड करणं हीच मोठी चूक झाली. टॉप लिंक आखूड म्हणजे बॉक्स पुढे झुकतो, फण आणि पुढचं पातं जमिनीत नाक खुपसतं. लांब म्हणजे बॉक्स मागे झुकतो, मागचं पातं टेकतं आणि माती पसरते. मधली जागा आधी शोधावी लागते. ट्रॅक्टर सिमेंटच्या सपाट कोब्यावर उभा करा, फण वर ओढून घ्या, बॉक्स खाली सोडा, आणि दोन्ही पाती एकाच वेळी टेकतील इतकी टॉप लिंक फिरवा. कागदाची घडी दोन्ही पात्यांखाली सारखीच अडकली पाहिजे. तिथे लिंकवर रंगाची खूण करा, ते तुमचं शून्य. टॉप लिंकला दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असतात, त्यामुळे एका पूर्ण फेऱ्यात लांबी साधारण ६ ते ८ मिमी बदलते आणि दोन पात्यांच्या उंचीतला फरकही जवळपास तेवढाच बदलतो. कापायला शून्यापासून दोन-तीन फेरे आखूड, पसरायला एक-दोन फेरे लांब. याच्या पलीकडे जायची गरज क्वचित पडते.

---

लिफ्ट_मिस्त्री

वरचं सगळं पटतं, पण पिना आणि लिव्हर तपासल्याशिवाय टॉप लिंक फिरवत बसू नका.

४५ एचपीच्या बऱ्याच ट्रॅक्टरांचे अवजार धरणारे खालचे हात कॅटेगरी टू चे (कॅटेगरी म्हणजे जोडणीच्या मापाची श्रेणी) असतात, म्हणजे बॉलचं भोक २८ मिमी पिनेसाठी. वर्कशॉपमध्ये बनवलेल्या अवजारांना पुष्कळदा कॅटेगरी वन ची २२ मिमी पिन बसवलेली असते. वर टॉप लिंकलाही तोच घोळ, २५ च्या जागी १९. पिन आत जाते, लिंच पिन लागते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण प्रत्येक सांध्यात ६ मिमी ढिलाई राहते आणि पात्याच्या धारेपर्यंत ती सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर होते. ऐकू येतं ते: बॉक्स माती पकडतो तेव्हा एक ‘टक’ आणि सुटतो तेव्हा दुसरा. यावर बाहेरून २८, आतून २२ मिमीची बुश मिळते, वरच्या पिनेला २५/१९ ची. नुसती पाइपाची तुकडी घालू नका, ती चपटी होते. लेथवर करून घेतली तरी खर्च किरकोळ.

चेक चेन (खालच्या हातांना आडवं हलण्यापासून रोखणारी साखळी) तपासा. बॉक्स हाताने आडवा ढकलला तर एकूण दोन-तीन सेंमी हलला पाहिजे. जास्त ढिली असेल तर उतारावर बॉक्स खालच्या अंगाला सरकतो आणि एक बाजू जास्त कापते. एकदम आवळली तर लिफ्ट (अवजार उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा) वर जाताना चेनला झटका बसतो.

डावीकडे खोल जाण्याचं उत्तर बहुतेक इथे मिळेल. आधी मागच्या दोन्ही चाकांची हवा गेजने मोजून सारखी करा. डोळ्यांनी चाकं सारखी दिसतात, पण फक्त ४-५ पीएसआयच्या फरकाने आस कलतो. मग कोब्यावरच बॉक्सच्या दोन्ही कोपऱ्यांची उंची मोजा. उजव्या लिफ्ट रॉडला (खालचा हात उचलणारा उभा रॉड) फिरवायचा दांडा असतो. डावं पातं खाली आहे म्हणजे उजवा रॉड आखूड पडलाय. तो लांब करा, उजवी बाजू खाली येईल.

आणि लिव्हर. ड्राफ्ट कंट्रोल नांगरासाठी आहे. ओढ वाढली की ते अवजार वर घेतं, कमी झाली की खाली सोडतं. बॉक्स स्क्रेपरला हे चालू राहिलं तर बॉक्स भरला की लिफ्ट उचलते, माती सांडून ढीग पडतो, ओढ कमी होते, पातं परत घुसतं. लाटा पाडायचं यंत्रच तयार झालं म्हणा. काम पोझिशन कंट्रोलवर करा, म्हणजे लिव्हर जिथे ठेवाल त्या उंचीवर लिफ्ट राहते. ड्राफ्टचा लिव्हर कुठे ठेवला की तो गप्प बसतो हे कंपनीप्रमाणे बदलतं, सीटजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात बघा. ओळखायचं कसं? लिफ्ट आर्मवर आणि शेजारच्या बॉडीवर खडूने एका ओळीत खूण करा. लिव्हरला हात न लावता बॉक्स भरू द्या. बाजूला उभ्या माणसाला खुणा सरकताना दिसल्या तर ड्राफ्ट जागा आहे.

लिफ्ट गळते का तेही बघून घ्या. बॉक्स उचला, इंजिन बंद करा, पंधरा मिनिटं थांबा. बोटभर उतरला तर काम चालेल. वीतभर उतरला तर पिस्टनची सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळतोय. इंजिन चालू असताना बॉक्स सारखा थोडा खाली, परत वर असा मान डोलावत असेल तर तेच कारण. तेलाची पातळी आणि गाळणी आधी पाहा, लिफ्टचं झाकण नंतर उघडा. उचललेल्या बॉक्सखाली लाकडाचे ठोकळे न ठेवता हात घालायचा नाही, एक बोल्ट आवळायला सुद्धा नाही.

---

आगर_गुहागर

मापं घेतली. आस ते पुढचं पातं १.३४ मीटर, लाटा १.३० ते १.४० मीटरवर. खालच्या पिना २२ मिमी, बॉल २८ चे, म्हणजे ढिलाई आहेच. वरची पिन २५, ती बरोबर आहे. हवा डावीकडे ११, उजवीकडे १६. खडूच्या खुणा सरकल्या, बॉक्स भरताना जवळजवळ दोन बोटं. लिफ्ट पंधरा मिनिटांत बोटभरही उतरली नाही.

बुशी करायला टाकल्या. जांभ्याचं आणि चाकांच्या पट्ट्यांचं काय करावं?

---

सड्यावरचा

जांभ्याचा स्वभाव लक्षात घ्या. खाणीतून काढताना तो ओला आणि मऊ असतो, हवा-ऊन लागलं की घट्ट होतो. म्हणूनच तर चिरा तासून घर बांधता येतं. तुमचा उघडा पट्टा कित्येक वर्षं उन्हात तापलेला आहे. त्यात २२० किलोच्या बॉक्सचे पाच फण एकदम शिरणार नाहीत. पोझिशन कंट्रोल बॉक्सला खाली जाण्यापासून रोखतो, वर उचलला जाण्यापासून रोखत नाही. टणक जागी बॉक्स स्वतःच्या वजनावरच घुसायचा असतो. २२० भागिले पाच, एका फणाला ४४ किलो. तीन फण काढून दोनच ठेवले तर तेच वजन ११० होतं. दोन फण दोन चाकांच्या रेषेत लावा, एका फेरीत ५ सेंमी, मग बॉक्स अर्ध्या फणाच्या अंतराने बाजूला सरकवून दुसरी फेरी. सगळं मोकळं झालं की पाचही फण लावून एकदा फिरवा, आणि मगच पातं.

वजन वाढवायचं तर बॉक्सच्या वरच्या चौकटीत अँगलची खण करून त्यात चिरे ठेवा. नेहमीच्या मापाचा चिरा ३० किलोच्या आसपास भरतो, सहा चिरे म्हणजे १८० किलो. पट्ट्याने किंवा साखळीने आवळून बांधा. मागे एवढं वजन आलं की पुढे नाक हलकं होतं, तेव्हा पुढच्या वजनाच्या प्लेटा लावल्याशिवाय चढाच्या वाटेवर बॉक्स उचलून फिरू नका. आणि कृपा करून माणूस उभा करू नका. फळीवर माणूस उभा करायची सवय सगळीकडे आहे, पण फण दगडात अडकून बॉक्स उसळला की तो माणूस थेट मागच्या चाकाशी पडतो.

ओलावा हा अर्धा कामगार आहे. या कामाला सर्वांत चांगला काळ पाऊस ओसरल्यावरचे दोन-तीन आठवडे, तो तुमच्या हातून गेलाय. आता आदल्या संध्याकाळी चौरस मीटरला १० लिटरच्या हिशेबाने पाणी मारा, रात्रभर मुरू द्या, सकाळी काम करा. मूठभर मुरूम दाबून बघा. लाडू झाला आणि अंगठ्याने दाबल्यावर दोन तुकडे झाले तर बरोबर. तळहाताला चिखल लागला तर जास्त झालं, पात्याला माती चिकटून बॉक्स रिकामा होणार नाही. लाडूच झाला नाही तर धूळ उडेल आणि बसवलेला थर सुटेल. पाणी मारूनही फण पट्ट्यावर उड्या मारत असतील तर तो सलग कातळ आहे. तिथे बॉक्सचा हट्ट सोडा, ब्रेकर लावा किंवा वरून मुरूम टाकून पातळी उचला.

एक राहिलं. पातं कसलं आहे ते वर्कशॉपला विचारा. साध्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटचं असेल तर जांभ्यातले लोहाचे खडे ते लवकर खाऊन टाकतात. कडांना आधी गोलाई येते, मग मधोमध पोट पडतं आणि अंगणही तसंच पोटासारखं होतं. ग्रेडरच्या पात्याचा तुकडा किंवा बोरॉन स्टीलची पट्टी लावा, १६ मिमी जाड. पट्टी उलटवून दोन्ही कडा वापरता येतील अशी भोकं ठेवा. बोल्ट सपाट डोक्याचे, १६ मिमी, ८.८ ग्रेड, आणि तासभर काम झाल्यावर परत आवळायचे.

---

ढाळ_आणि_दोरी

चाकांच्या पट्ट्यांना उत्तर गणितात आहे. १३.६ चा टायर ३४५ मिमी रुंद. तुमच्या चाकांच्या मध्यरेषांतलं अंतर १३५० धरलं तर बाहेरून बाहेर १६९५ मिमी झालं. पाच फुटी बॉक्स १५२४ मिमी. म्हणजे दोन्ही बाजूंना साडेआठ सेंमी टायर बॉक्सच्या बाहेर चालतो. तो पट्टा कोणतंच पातं झाकत नाही. चाकं आतल्या ट्रॅकवर घेता येतात का पाहा, नाहीतर बाजूच्या पत्र्यांना दोन्हीकडे १५ सेंमीचे पंख बोल्टने जोडून १८२४ मिमी करा. पुढचं आणि मागचं, दोन्ही पाती त्याच लांबीची घ्यावी लागतील. तोवर शेवटच्या फेऱ्या एकमेकींवर निम्म्या चढवा आणि शेवटची रेघ अंगणाच्या बाहेरच्या कडेला संपवा.

ढाळाला डोळ्यांवर विसंबू नका. चढाच्या जागेत डोळा फसतो, सपाट जागा घराकडे उतरती वाटते आणि घराकडे उतरती जागा सपाट. गवंड्याची पाण्याची नळी घ्या, १५ मीटर पारदर्शक, आत बुडबुडा राहू देऊ नका. जोत्यावर एक रेघ मारा, तीच पातळी नळीने अंगणातल्या खुंट्यांवर न्या आणि प्रत्येक खुंटीवर त्या रेघेपासून किती खाली जमीन हवी ते लिहा. भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये १५ सेंमी उतार, पुढे मीटरला अडीच सेंमी. म्हणजे १२ मीटरवरची खुंटी जोत्याजवळच्या जमिनीपेक्षा साडेसदतीस सेंमी खाली. भिंतीलगतची जमीन जोत्याच्या माथ्यापेक्षा किमान १५ सेंमी खाली राहू द्या, नाहीतर उडालेलं पाणी चिऱ्यात जाणारच.

एवढं का? चार गुंठ्यांवर दिवसात १०० मिमी पाऊस म्हणजे सुमारे ४०,००० लिटर, आणि आपल्याकडे जुलैत तसे दिवस येतात. छपराचं पाणी त्यात धरलेलं नाही. ते पाणी कुठे सोडायचं हे पहिल्या फेरीच्या आधी ठरवा. शेजाऱ्याच्या आगरात किंवा गडग्याच्या पायाशी सोडू नका, सुक्या दगडांचा गडगा तळाची माती गेली की एका रात्रीत बसतो. अंगणाच्या खालच्या कडेने चर काढून व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) न्या. वाटेला एका अंगाला मीटरला ४ सेंमी आडवा ढाळ द्या आणि दर १५-२० मीटरला तिरका उंचवटा घालून पाणी बाजूच्या चरात वळवा. नाहीतर ६० मीटर चढाचं पाणी चाकोरीतूनच खाली येईल.

भिंतीपासून ४५ सेंमी आणि गडग्यापासून ६० सेंमी हाताने करा, कुदळ-फावड्याने. पाण्याची पाइपलाइन, मोटरची केबल, शोषखड्डा, सगळ्यांवर फक्कीने रेघ मारून घ्या. हापूसच्या कलमांच्या पानोळ्याखाली फण सोडू नका, वरवरची मुळं तिथेच असतात.

---

आगर_गुहागर

बुशी बसवल्या, हवा दोन्हीकडे १४, ड्राफ्ट गप्प. दोन फणांनी पट्टा मोकळा झाला, तिरक्या फेऱ्यांनी लाटा गेल्या. वाटेच्या वरच्या १० मीटरमध्ये सलग कातळ लागला, तिथे मुरूमच टाकणार. अंगणातही सगळीकडे साधारण ७ सेंमी दबलेला थर हवा आहे. किती ब्रास लागेल?

---

सड्यावरचा

मुरूम सैल १० सेंमी पसरला की दबून ७ ते साडेसात होतो. चार गुंठे म्हणजे ४०० चौरस मीटर, गुणिले ०.१०, म्हणजे ४० घनमीटर. एक ब्रास २.८३ घनमीटर, म्हणून १४ ब्रास. वाटेच्या १० मीटरला रुंदी ३ धरली तर आणखी एक ब्रास. डंपर उतरवून घेताना ढीग एकाच जागी नको, अंगणात चार-पाच ठिकाणी टाकायला सांगा, बॉक्सची अर्धी ओढ वाचते.

माल बघून घ्या. नुसता मातकट मुरूम पहिल्या पावसात रेबडा होतो, नुसता खडा बसत नाही. चिरेखाणीतला भुगा आणि मुरूम मिसळून टाकला तर चांगला आवळतो. जुन्या टणक जागेवर थेट टाकू नका. खालचा थर फणांनी दोन-तीन सेंमी खरवडा, ओला करा, मग मुरूम. नाहीतर वरचा थर पोळीसारखा सुटतो. पसरताना टॉप लिंक शून्यापासून दोन फेरे लांब, फण पूर्ण वर, बॉक्स जमिनीपासून १० सेंमीवर धरून. ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबण्यावर भागवू नका, चाकाखालचाच पट्टा बसतो. एक टनाचा रोलर, चार ते सहा फेऱ्या, कडेकडून मधोमध.

---

लिफ्ट_मिस्त्री

काम संपल्यावर बॉक्स गोड्या पाण्याने धुवा. समुद्र जवळ, खारा वारा आणि ओला मुरूम, यात पिना आणि लिफ्ट रॉडचे आटे एका पावसाळ्यात जाम होतात. टॉप लिंकच्या दोन्ही टोकांचे आटे पूर्ण उघडून ग्रीस भरा आणि पात्याच्या बोल्टांना रेड ऑक्साइड मारून बॉक्स फळकुटांवर टेकवून ठेवा, मातीवर नाही.